लाकूड कोरायचे आहे? मग आधी लाकूड ओळखा

लाकूड कोरण्याचे काम तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेलेच आहे. आश्चर्य वाटले ना? पण शार्पनर हरवला म्हणून तुम्ही पात्याने पेन्सिलीला टोक काढले असेल, तर तेवढा वेळ तुम्ही लाकूडच कोरत होता. त्या वेळी पाते कोणत्या दिशेने चालवले ते आठवा. मधल्या भागाकडून टोकाकडे. असे कोणी शिकवलेले नसते, हातालाच ते समजते. आता एखादी जुनी पेन्सिल घ्या आणि मुद्दाम उलटे करून पाहा. टोकाकडून मागे पाते ढकला. पाते लाकडात रुतते, लांबच्या लांब ढलपी उचकटून निघते आणि सगळा आकार बिघडतो. पाते तेच, लाकूड तेच, हातही तोच. मग फरक कशाने पडला?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले त्याला लाकूड आणि हत्यार निवडणे अवघड जात नाही. ज्याला ते कळले नाही, तो काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो हार्डवेअरच्या दुकानातून बारा पटाश्यांचा स्वस्त संच आणतो. साग हे सर्वांत चांगले लाकूड असे ऐकलेले असते, म्हणून सुताराकडून सागाचा एक तुकडा मागून आणतो आणि कोरायला बसतो. दोन दिवसांत त्याचे मनगट दुखू लागते, तिसऱ्या दिवशी हत्यार सटकून बोट कापते आणि संच माळ्यावर जातो. वाईट एवढेच, की तो मुलगा जन्मभर समजतो, आपल्या हातात कला नाही.

लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी

झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेले पाणी खोडातून पानांपर्यंत चढते. ते ज्या सूक्ष्म नळ्यांमधून चढते त्या नळ्या आणि त्यांच्या जोडीला खोडाला बळकटी देणारे लांबट तंतू, यांचेच मुख्यतः लाकूड बनलेले असते. हे सगळे खोडाच्या लांबीच्या दिशेने उभे असतात. गवताच्या काड्यांची एक घट्ट मोळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लाकडाची बरीचशी कल्पना येईल. मोळीतल्या काड्या एकमेकींपासून सोडवणे सोपे, पण त्या आडव्या तोडणे कठीण. म्हणूनच जळण फोडताना कुऱ्हाड लांबीच्या दिशेने घालतात.

पेन्सिलीचे कोडे आता उलगडेल. पाते मधून टोकाकडे जाते तेव्हा ते लांब तंतूंकडून आखूड तंतूंकडे जात असते. कापल्या जाणाऱ्या तंतूंना खालच्या लांब तंतूंचा आधार मिळतो. उलट दिशेने गेलात तर पाते दोन तंतूंच्या मध्ये शिरते आणि पाचरीसारखे काम करून पुढचे लाकूड फाडत नेते. थोडक्यात, कोरताना नेहमी उतारावर चालायचे, चढावर नाही. लाकडावरच्या रेषा पाहून उतार कोणत्या बाजूला आहे हे ओळखायचे. एकदा ही नजर आली की निम्मे काम शिकून झाले असे समजायला हरकत नाही.

सगळ्या लाकडांच्या बाबतीत खरी असलेली आणखी एक गंमत ऐका. लाकडाच्या पेशींची भित्तिका ज्या द्रव्याची असते, त्याची घनता जवळजवळ सर्व झाडांत सारखीच, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. म्हणजे ते द्रव्य पाण्यात बुडेल! मग लाकूड तरंगते कसे? आतल्या पोकळ्यांमुळे. पांगाऱ्याची घनता साधारण ०.३ असते, म्हणजे त्याच्या आकारमानाचा एक पंचमांश भागच काय तो भरीव, बाकी हवा. सागाची घनता ०.६५ च्या आसपास, शिसवाची ०.८ च्या आसपास आणि खैराची जवळजवळ १. तुमच्या सुरीला नेमके किती द्रव्य कापावे लागणार, हे घनतेवरून बऱ्यापैकी समजते.

ही घनता घरी मोजता येते. लाकडाचा रुंद आणि चपटा तुकडा घ्या. समजा तो १० से.मी. लांब, ८ से.मी. रुंद आणि २.५ से.मी. जाड आहे. त्याचे घनफळ २०० घन सें.मी. झाले. वाण्याच्या काट्यावर तो ९६ ग्रॅम भरला, तर घनता ०.४८. काटा नसेल तर तुकडा पाण्यावर आडवा सोडा आणि जाडीचा किती भाग बुडतो ते पटकन खूण करून मोजा. अडीच सेंटिमीटरपैकी १.२ से.मी. बुडाला, तर १.२ भागिले २.५, म्हणजे पुन्हा ०.४८. आर्किमिडीजचा नियम तुम्ही पाठ केला असेलच. तो असा उपयोगी पडतो. तुकडा जाड आणि चौकोनी घेऊ नका, तो पाण्यात कलतो आणि माप चुकते.

मग कोणते लाकूड घ्यावे?

हलके ते सोपे, असे वाटेल. पण तसे नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत होणारी रंगीत लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड पूर्वापार वापरात आहे. कारागिराच्या हाती ते उत्तम. नवशिक्याच्या हाती मात्र पांगारा किंवा सावर ही लाकडे त्रास देतात. त्यांच्या पेशींच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे धार थोडी जरी कमी असली तरी तंतू कापले न जाता दबतात आणि पृष्ठभाग कापसासारखा पिंजतो. मऊ टोमॅटो बोथट विळीवर चिरताना जे होते तेच.

दुसऱ्या टोकाला साग. इमारतीसाठी आणि फर्निचरसाठी सागाला तोड नाही, याबद्दल वाद नको. परंतु सागाचा आडवा छेद भिंगाखाली पाहा. वलयाच्या सुरुवातीला मोठमोठ्या छिद्रांची एक रांग दिसते आणि पुढे लाकूड घट्ट होत जाते. सुरीला क्षणात मऊ, क्षणात कठीण लागते. शिवाय सागात सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, थोड्या प्रमाणात असतो. तो धार खातो. शिसव आणखी कठीण. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे कारागीर शिसवावर जाळीदार नक्षी काढतात हे खरे, पण ती पटाशी आणि मोगरी घेऊन, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने. कडुनिंबाच्या लाकडात तर तंतूंचे थर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललेले असतात. तेथे उतार कोणता आणि चढ कोणता हेच कळत नाही.

हवे आहे ते मधले लाकूड: फार हलके नाही, फार जड नाही, तंतू सरळ आणि पोत सारखा. युरोपातल्या कारागिरांना असे लाकूड लिंडन नावाच्या झाडात मिळाले. इंग्लंडमध्ये त्यालाच लाइम म्हणतात, पण आपल्या लिंबाशी त्याचे काही नाते नाही. जर्मनीचा टिलमान रीमेनश्नायडर (मृत्यू १५३१) याने त्यातून मूर्ती घडवल्या आणि ग्रिन्लिंग गिबन्स (१६४८–१७२१) याने इंग्लंडमध्ये त्यातून फुलाफळांच्या अशा माळा कोरल्या की पाकळ्या कागदाइतक्या पातळ वाटाव्यात. लिंडनची घनता ०.५ च्या आसपास असते.

आपल्याकडे त्याच वजनाच्या पंगतीत बसणारे झाड म्हणजे शिवण. घनता ०.४५ ते ०.५, रंग फिकट पिवळसर, सुरीला सौम्य. आणि वाळताना ते फारसे आकसत किंवा वाकत नाही हा मोठा गुण. विदर्भात, कोकणात आणि सह्याद्रीच्या आसपास हे झाड आढळते, त्याची लागवडही होते. वखारीत ‘शिवण’ म्हणून मागितले तर बहुधा मिळते. माझे मत विचाराल तर पहिले लाकूड शिवणच असावे. काळा कुडा मिळाला तर सोडू नका. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी त्याच पांढऱ्याशुभ्र लाकडाची होतात. यांपैकी काहीच मिळाले नाही तर आंबा. तो थोडा जड आणि भरड, आणि त्याला कीड लवकर लागते, पण गावोगावी मिळतो.

वखारीत तुकडा निवडताना तीन गोष्टी पाहा. गाठ नको, कारण गाठ म्हणजे फांदीचे मूळ. तेथे तंतू वळसा घालतात आणि लाकूड दगडासारखे कठीण होते. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ असाव्यात. आणि टोकाला भेगा नसाव्यात. प्लायवुड घेऊ नका, त्यात एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे असतात आणि मधला डिंक धार घालवतो. रंग दिलेले किंवा कसले तरी औषध मारलेले जुने लाकूडही नको. कण्हेरीचे लाकूड विषारी आहे आणि बिब्ब्याच्या झाडाच्या रसाने अंगावर फोड येतात, तेव्हा ही झाडे ओळखायला शिका आणि त्यांपासून दूर राहा. एक विनंती, या छंदापायी उभे झाड तोडू नका. छाटलेल्या फांद्या आणि वखारीतले टाकाऊ तुकडे वर्षभर पुरतील.

छाटलेली ओली फांदी घेतलीत तर तिच्यातल्या पाण्याचा विचार करावा लागेल. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: नळ्यांच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतले पाणी गेले तरी लाकूड आकसत नाही. पण ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसू लागते. तेही सगळीकडे सारखे नाही. वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसते. लांबीत तर जवळजवळ नाहीच. या ओढाताणीमुळे अखंड गोल ओंडका सालीपासून गाभ्यापर्यंत फाटतो. म्हणून फांदी आणल्याबरोबर ती मधोमध उभी चिरून घ्या, दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग फासा आणि सावलीत ठेवा. उघड्या टोकांतून पाणी कितीतरी पट वेगाने उडते, ते मेणाने थोपवले जाते. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. ओले लाकूड कोरायला मऊ असते, तेव्हा ढोबळ आकार आधी काढून, वाळल्यावर बारीक काम करणारेही पुष्कळ आहेत.

एक सुरी, पण धारदार

आता हत्यारे. सुरुवातीला एक सुरी, एक धारेचा दगड आणि चामड्याचा एक तुकडा, एवढे पुरे. बाकी सगळे नंतर. सुरीचे पाते ४ ते ५ से.मी. लांबीचे, न मिटणारे असावे. मिटणारा चाकू जोर लावताना बोटावर मिटू शकतो. मूठ पात्यापेक्षा लांब आणि मुठीत भरेल एवढी जाड हवी. अशी सुरी बाजारात मिळाली नाही तर लोहाराकडून करून घ्या. गाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद लोहार कोयत्यांना वापरतात, ते सुरीलाही चालते.

धारेला इतके महत्त्व का, ते एका हिशेबाने पाहू. समजा सुरीच्या धारेचा १० मि.मी. भाग लाकडाला टेकला आहे आणि तुम्ही २ किलो वजनाइतका जोर लावता. चांगल्या धारेची जाडी मिलिमीटरचा एक हजारांश धरली, तर तुमचा सगळा जोर ०.०१ चौरस मि.मी. जागेवर पडतो, म्हणजे दर चौरस मि.मी.ला २०० किलो! धार बोथट होऊन तिची जाडी वीस पट झाली, की तोच दाब १० किलोवर येतो. मग तेवढेच कापण्यासाठी तुम्ही अंगातले सगळे बळ लावता. लाकूड हटून बसते, बसते, आणि एकदम सुटते. हात मात्र थांबत नाही. बोटे कापतात ती या क्षणी.

शिक्षकांसाठी येथे दोन शब्द. मुलांच्या हाती सुरी द्यायची म्हणून पुष्कळ शाळांत मुद्दाम बोथट सुऱ्या ठेवतात. हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो. दहा बोथट सुऱ्यांपेक्षा चार धारदार सुऱ्या घ्या, एका वेळी चारच मुलांना कोरू द्या आणि बाकीच्यांना लाकडाची घनता मोजायला लावा. साबणाच्या वडीवर सराव देण्याची पद्धत आहे. त्याने आकाराची समज येते, पण साबणाला तंतू नसतात. उतार-चढ शिकायला लाकूडच हवे.

धार लावताना कोन राखणे हीच खरी कसब. मऊ लाकडासाठी सुरीच्या दोन्ही बाजू मिळून २० ते २५ अंशांचा कोन पुरतो. दहावीच्या मुलांना तो काढता येईल. पाते १५ मि.मी. रुंद आहे आणि दगडावर ठेवताना त्याची पाठ ३ मि.मी. उचलली, तर साइन गुणोत्तर ३ भागिले १५, म्हणजे ०.२. पात्याची जाडी सोडून दिली तर हा कोन सुमारे साडेअकरा अंश, आणि दोन्ही बाजूंचा मिळून २३. पुठ्ठ्याच्या घड्या करून ३ मि.मी. उंचीची पट्टी पाठीखाली ठेवा, म्हणजे हाताला सवय होईल. दगडावर पाण्याचे किंवा तेलाचे थेंब टाकून दोन्ही बाजू घासा. एका बाजूने पुरेसे घासले की धारेची अतिसूक्ष्म कोर दुसऱ्या बाजूला वळते. बोट पाठीकडून धारेकडे अलगद नेले तर ती खरखरीत लागते. मग चामड्यावर पाते मागे ओढत दहा-वीस वेळा फिरवले की ती कोर निघून जाते. पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर का फिरवत, हे आता ध्यानात आले असेल. धार अंगठ्यावर पाहू नका. वर्तमानपत्राच्या कागदावर पाहा. कागद न फाटता कापला गेला की झाले.

रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर सुरी द्यावी का? देता येईल, पण शेजारी उभे राहा. पोलाद तापवून एकदम थंड केले की कठीण पण ठिसूळ होते. ते पुन्हा थोडे तापवून ठिसूळपणा कमी करतात. या दुसऱ्या तापवण्यात सुमारे २३० अंश सेल्सिअसला पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग येतो आणि ३०० च्या आसपास निळा. हे रंग काही पोलादाचे नव्हेत, त्यावर धरलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे; साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसेच. फिरत्या चाकावर पात्याचे टोक निळे पडले, तर तेथला कठीणपणा उतरला असे समजा. ती धार टिकत नाही. धारवाल्याला सांगा, पाते वरचेवर पाण्यात बुडवून घ्या.

सुरीने दोन-चार वस्तू झाल्या की मग १० मि.मी.च्या आसपासची एक गोल पटाशी घ्यावी, म्हणजे जिची धार पन्हाळीसारखी वळलेली असते ती. सपाट पटाशी खोल भागात चालवली तर तिचे दोन कोपरे लाकडात रुततात आणि तंतू फाडतात. गोल पटाशीचे कोपरे पृष्ठभागाच्या वर राहतात, म्हणून ती स्वच्छ ढलपी काढते. तिच्याबरोबर लाकडी मोगरी आणि लाकूड टेबलाला आवळायला एक क्लॅम्प लागेल. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम मोडायचा नाही. सुरीने कोरताना लाकूड मांडीवर टेकवू नका, मांडीतून मोठी रोहिणी जाते. आणि हात लांब करून पोहोचेल तेवढ्या अंतरात कोणाला बसू देऊ नका. पहिल्यांदा एखाद्या जाणत्याला शेजारी घ्या.

पहिली वस्तू म्हणून मासा करून पाहा. १२ से.मी. लांब, ४ से.मी. रुंद आणि २ से.मी. जाड असा शिवणीचा तुकडा घ्या आणि त्यावर पेन्सिलीने मासा काढा. डोके ते शेपटी ही दिशा तंतूंच्या दिशेतच हवी. आडवा काढलात तर शेपटीच्या अरुंद मानेत तंतू आडवे येतील आणि ती काडीसारखी मोडेल. पोट सर्वांत फुगीर. तेथून डोक्याकडे एक उतार आणि शेपटीकडे दुसरा. म्हणजे पोटापासून दोन्हीकडे कोरत जायचे. शेपटीची मान मात्र खोलगट आहे. तेथे दोन्ही बाजूंचे उतार मधे येऊन मिळतात, म्हणून अर्धे इकडून आणि अर्धे तिकडून कोरावे लागते. लाकूड उचकटू लागले की जोर वाढवू नका, लाकूड फिरवून घ्या.

आकार झाला की आधी जाड्या आणि मग बारीक पॉलिश पेपरने, तंतूंच्या दिशेनेच घासा. पॉलिश पेपर लावल्यावर त्याच जागी पुन्हा सुरी चालवू नका. कागदाचे कण लाकडात अडकलेले असतात आणि ते धार घालवतात. शेवटी फडक्याने जवसाचे तेल पातळ लावून मासा आठवडाभर हवेशीर जागी ठेवा. हे तेल वाळते ते उडून जाऊन नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाचा फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाकून द्या.